प्रोग्रामिंगच्या भाषा शेकडो, मग ऑपरेटिंग सिस्टीम मोजक्याच का?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी फावल्या वेळात स्वतःचा एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहीत आहे. तो संगणकावर सुरू होतो, मेमरीची वाटणी करतो, एका वेळी अनेक प्रोग्राम चालवतो आणि स्क्रीनवर अक्षरे उमटवतो. हे काम चिकाटीचे असले तरी एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही, हे आता मला अनुभवाने कळले आहे. अनेक विद्यापीठांत तर विद्यार्थ्यांकडून असे छोटे कर्नल लिहूनच घेतले जातात. असे असताना टेबलावरच्या संगणकासाठी विंडोज, मॅकओएस आणि बऱ्याच अंतराने लिनक्स, आणि फोनसाठी अँड्रॉइड व आयओएस, एवढ्यावरच यादी का संपते?

प्रोग्रामिंगच्या भाषांकडे पाहिले की हा प्रश्न मला अधिकच छळतो. गो, रस्ट, कॉटलिन आणि स्विफ्ट या चारही भाषा २००९ ते २०१४ या काळात जगापुढे आल्या आणि चारही रुजल्या. डेटाबेसही डझनांनी आहेत. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्याच वाट्याला हे दारिद्र्य का यावे?

मायक्रोसॉफ्टने दांडगाई करून बाजार बळकावला, असे उत्तर नेहमी ऐकू येते. त्यात तथ्य असेलही, परंतु २००७ च्या सुमारास स्मार्टफोनचा बाजार नव्याने मांडला जात होता आणि तिथे मायक्रोसॉफ्टचे काहीच चालले नाही. तरीही काही वर्षांत तिथे दोनच नावे उरली. म्हणजे याच्या मुळाशी एका कंपनीच्या वागणुकीपेक्षा खोल असे काहीतरी असावे. ते काय, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

तुम्ही भाषांशी केलेली तुलना मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. नवी भाषा जुन्या भाषेच्या शेजारी बसू शकते. एखाद्या संस्थेकडे वीस वर्षांत साठलेला सी भाषेतला कोड असेल, तर तो न हलवता एक नवे फंक्शन रस्टमध्ये लिहिता येते आणि दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये नांदतात, कारण सी भाषेतल्या फंक्शनला बोलावण्याची रीत जवळपास प्रत्येक नव्या भाषेला येते. चूक झाली असे वाटले तर ते एक फंक्शन काढून टाकायचे, एवढाच धोका असतो. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र सगळ्या यंत्राचा ताबा मागते. ती स्वीकारणाऱ्याला रोजचे सारे प्रोग्राम, फाइली, जोडलेली उपकरणे आणि हाताला लागलेल्या सवयी एकाच दिवशी पणाला लावाव्या लागतात. नव्या सिस्टीमचा शेड्युलर (प्रोग्रामांना पाळी वाटून देणारा भाग) कितीही सुबक असला, तरी ज्या एका प्रोग्रामवर त्या माणसाचे पोट आहे तो तिच्यावर चालत नसेल, तर तो तिच्याकडे वळत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची अडचण याच्या नेमकी उलट बाजूची असते. जिथे वापरणारे नाहीत, तिथे ते आपले श्रम कशाला खर्च करतील? अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर १९९८ मध्ये भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यांत या अडसराची सविस्तर चर्चा आहे. विंडोजसाठी तेव्हा ७०,००० हून अधिक प्रोग्राम उपलब्ध होते. आयबीएमच्या ओएस/२ वॉर्प या सिस्टीमने भर बहरात इंटेलवर चालणाऱ्या वैयक्तिक संगणकांच्या बाजाराचा १० टक्के भाग मिळवला होता, तरी तिच्यासाठी जेमतेम २,५०० प्रोग्राम होते. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीची ही गत होती, हे लक्षात घ्यावे.

या चक्राची सुरुवात पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे तर तीन सिस्टीम जाहीर झाल्या होत्या: पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम. ग्राहकाला निवड होती. परंतु पीसी-डॉस ४० डॉलरना मिळत होते, तर सीपी/एम-८६ काही महिने उशिरा आली आणि तिची किंमत २४० डॉलर होती. पीसी-डॉसच्या मुळाशी टिम पॅटरसन यांनी सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत लिहिलेले ८६-डॉस होते आणि त्याचे सिस्टीम कॉल (प्रोग्रामांनी सिस्टीमकडे काम मागण्याचे ठरलेले मार्ग) गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या सिस्टीमच्या धर्तीवर बेतलेले होते. सीपी/एमवरचे प्रोग्राम थोड्या कष्टांत इकडे आणता यावेत, हाच त्यामागचा हेतू होता. म्हणजे पुढे ज्या सिस्टीमने सगळ्यांना झाकोळून टाकले, तिचा जन्मच जुन्या प्रोग्रामांना सामावून घेण्याच्या गरजेतून झाला.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे प्रोग्रामांना दिलेल्या वचनांचा साठा, असे मी मानतो, आणि जी वचने कोणी कधी लिहून दिलीच नव्हती तीही त्यात येतात. सिमसिटी या खेळात एक चूक होती: परत केलेली मेमरी तो खेळ पुन्हा वाचत असे. आधीच्या सिस्टीमवर हे खपून जाई. विंडोज ९५ वर तो कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी तो खेळ सुरू आहे का हे ओळखून मेमरी वेगळ्या रीतीने सांभाळणारा खास कोड आपल्या सिस्टीममध्ये घातला. चूक दुसऱ्याची होती, पण ग्राहकाच्या लेखी नवी सिस्टीमच बिघडलेली ठरली असती, याची त्यांना जाण होती. विंडोज १० च्या ३२-बिट आवृत्तीवरही डॉसच्या काळातले अनेक प्रोग्राम चालवता येत होते. अ‍ॅपलने १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळा प्रोसेसरची जातच बदलली, आणि तिन्ही वेळा जुने प्रोग्राम नव्या प्रोसेसरवर चालवणारा अनुवादक सोबत दिला. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स तर कर्नलमधल्या बदलाने वापरणाऱ्यांचा चालता प्रोग्राम बंद पडला की तो बदल कर्नलचाच दोष मानतात. तुमच्या कर्नलवर असे कोणतेच ओझे नाही, म्हणूनच तो तीन वर्षांत एका माणसाला लिहिता आला.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात प्रोग्रामांची बाजू आली आहे. मी ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमला एखादे उपकरण चालवता यावे म्हणून लागणारे प्रोग्राम, लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे खालच्या बाजूने थोडे सांगतो, कारण माझ्या मते नव्या सिस्टीमा बहुधा तिथेच गारद होतात.

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये कोट्यवधी ओळी आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओळी निव्वळ ड्रायव्हरच्या आहेत. शेड्युलर, मेमरीचे व्यवस्थापन आणि फाइल सिस्टीम, म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्यांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हटले जाते ते भाग, त्या मानाने लहान आहेत. वायफायची एक चिप चालवायची म्हटली तरी तिच्यात भरायचा छोटा प्रोग्राम (फर्मवेअर), वीज वाचवण्याच्या तिच्या तऱ्हा, प्रत्येक पिढीत बदलणारे रजिस्टर आणि उत्पादकाने कुठेही न नोंदवलेले दोष या सगळ्यांना तोंड द्यावे लागते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर हा तर आज एक स्वतंत्र, अवाढव्य प्रकल्प असतो, कारण त्याच्या पोटात एक पूर्ण कंपायलर बसलेला असतो. विंडोजसाठी हे काम मायक्रोसॉफ्टला बहुतांशी करावेच लागत नाही. चिप बनवणारी कंपनी स्वतःच्या खर्चाने ड्रायव्हर लिहून देते, कारण त्याशिवाय तिची चिप विकली जाणार नाही. नव्या सिस्टीमसाठी तीच कंपनी साधी कागदपत्रेही देत नाही. बाजारातला वाटा आणि ड्रायव्हर यांचे हे नाते प्रोग्रामांच्या नात्यासारखेच आहे, परंतु अधिक निर्दय आहे. एखादा प्रोग्राम नसला तर माणूस पर्याय शोधतो. आपल्या लॅपटॉपचे वायफायच चालले नाही तर तो पहिल्या दहा मिनिटांत ती सिस्टीम पुसून टाकतो.

लहान सिस्टीमांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे उसनवारी. बी या कंपनीची बीओएस ही सिस्टीम बंद पडल्यावर २००१ पासून तिच्या चाहत्यांनी जी हायकू ही सिस्टीम नव्याने घडवली, तिने नेटवर्कचे अनेक ड्रायव्हर फ्रीबीएसडी या मुक्त सिस्टीमकडून घेतले आणि ते चालावेत म्हणून मध्ये एक थर लिहिला. रिअ‍ॅक्टओएसने विंडोजसाठी लिहिलेले ड्रायव्हर जसेच्या तसे चालवण्याचे ध्येय ठेवले आहे. ही माणसे वर्षानुवर्षे विनामोबदला जे करत आहेत, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही उसन्या ड्रायव्हरसोबत मूळ सिस्टीमचे गृहीतकही आत येते: कुलुपे कशी लावायची, मेमरी कोणी कधी सोडायची, यंत्र झोपी जाताना कोणत्या क्रमाने काय थांबवायचे. हळूहळू नवी सिस्टीम आतून जुनीसारखी दिसू लागते.

प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. प्रोग्राम आणि ड्रायव्हर हे दोन अडसर समजले. परंतु मग असे का करू नये की नव्या सिस्टीमने पहिल्या दिवसापासून प्रस्थापित सिस्टीमचे प्रोग्राम चालवण्याची सोय द्यावी, म्हणजे वापरणाऱ्याला काही सोडावे लागणार नाही, आणि नंतर सावकाश स्वतःचे चांगले गुण दाखवावेत?

प्रतिसाद ३

हा उपाय सुचवणारे तुम्ही पहिले नाही, आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे. आयबीएमची ओएस/२ २.० ही आवृत्ती १९९२ मध्ये आली, तेव्हा ती डॉस आणि विंडोज या दोहोंचे प्रोग्राम चालवत होती, आणि मेमरीच्या संरक्षणाच्या बाबतीत त्या काळच्या विंडोजपेक्षा ती निःसंशय सरस होती. परिणाम असा झाला की सॉफ्टवेअर कंपन्यांनी साधा हिशेब केला: विंडोजसाठी एकदा लिहिले की तो प्रोग्राम दोन्हीकडे चालतो, मग ओएस/२ साठी निराळे कशाला लिहायचे? स्वतःचे प्रोग्राम नसलेली सिस्टीम दुसऱ्याच्या सिस्टीमची प्रत बनून राहिली, आणि मूळ सिस्टीम पुढे सरकली की प्रतीला मागे धावावे लागले. विंडोज ९५ आल्यावर ती दमछाक उघड झाली.

वीस वर्षांनी ब्लॅकबेरीच्या बाबतीत तेच घडले. ब्लॅकबेरी १० ही सिस्टीम २०१३ मध्ये आली. तिचा पाया क्यूएनएक्स ही मुरलेली सिस्टीम होती, म्हणजे तंत्राच्या बाजूने तिला नावे ठेवायला फारशी जागा नव्हती. अ‍ॅप कमी पडू लागले म्हणून कंपनीने तिच्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालवण्याची सोय वाढवत नेली. शेवटी २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने स्वतःच अँड्रॉइडवर चालणारा फोन काढला.

याला अपवाद ठरेल असे एक उदाहरण मला दिसते, आणि त्याकडे मी आशेने पाहतो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या प्रकल्पाचे काम १९९३ पासून चालू आहे. त्यावर आधारित प्रोटॉन हे साधन व्हॅल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये आणले, आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे खेळाचे यंत्र विक्रीला आले. हजारो खेळ त्यावर उत्तम चालतात. यात नीट पाहिले तर जुनी गोष्ट पुन्हा दिसते: खेळ लिहिणारे अजूनही विंडोजसाठीच लिहितात. मात्र ओएस/२ च्या वेळी जे नव्हते ते इथे आहे. लिनक्स हे कोणा एका कंपनीच्या नफ्यावर जगत नाही, त्यामुळे तीस वर्षे मागे धावत राहिले तरी त्याचे दिवाळे निघत नाही. मला वाटते, अशा शर्यतीत टिकण्याची ताकद केवळ मुक्त स्रोत प्रकल्पांकडेच आहे.

प्रतिसाद ४

इथपर्यंतची चर्चा वाचून असे वाटू लागते की हे सारे जणू निसर्गनियमाने घडले. मला हे मान्य नाही, आणि मूळ प्रश्नात कंपन्यांच्या वागणुकीला जे गौण ठरवले आहे तेही मान्य नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मायक्रोसॉफ्टचा अनेक संगणक उत्पादकांशी असा करार असे की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकामागे शुल्क द्यायचे, मग त्यात एमएस-डॉस भरलेले असो वा नसो. ज्या उत्पादकाला डिजिटल रिसर्चचे डीआर-डॉस द्यायचे असेल, त्याला दोन्हींचे पैसे मोजावे लागत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात ही पद्धत बंद करणे मायक्रोसॉफ्टला भाग पडले, पण तोवर पायंडा पडून गेला होता. पुढे बी या कंपनीची तक्रार अशी होती की हिताचीने विंडोजसोबत बीओएस भरून दिलेले संगणक विकायला काढले, तरी करारातल्या अटींमुळे सुरुवातीला निवड विचारणारा मेनू दाखवता आला नाही. म्हणजे सिस्टीम डिस्कवर होती, पण ग्राहकाला तिचा पत्ताच नव्हता. बी कंपनीने २००२ मध्ये दावा लावला आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोपर्यंत बी कंपनीची मालमत्ता पामला विकली गेली होती.

फोनच्या बाबतीत 'तिथे मायक्रोसॉफ्टचे काहीच चालले नाही' हा युक्तिवादही पुरेसा नाही, कारण करार तिथेही होते. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलचे सर्च आणि क्रोम आधीच भरून देण्याची अट, आणि अँड्रॉइडची फेरबदल केलेली, गूगलची मान्यता नसलेली आवृत्ती वापरणारे उपकरण विकण्यास उत्पादकांना केलेली मनाई, ही त्याची मुख्य कारणे होती. अँड्रॉइडचा सोर्स कोणालाही घेता येतो. त्याच्या जोरावर डझनभर वेगळ्या सिस्टीम उभ्या राहू शकल्या असत्या. त्या उभ्या राहिल्या नाहीत यात तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि त्या अटींचा किती, हे तपासल्याशिवाय सगळा दोष 'कोंबडी आधी की अंडे' या कोड्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. तंत्रामुळे बाजार एका बाजूला कलतो, हे मान्य. पण कललेल्या बाजारात परतीचा रस्ता बंद करण्याचे काम माणसांनीच, करारांवर सह्या करून केले आहे.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ मधल्या कळकळीशी मी सहमत आहे, तरी विंडोज फोनचे उदाहरण त्यांनी विचारात घ्यावे. मायक्रोसॉफ्टकडे पैसा होता, नोकियाशी २०११ पासून भागीदारी होती, पुढे २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसायही तिच्या हाती आला, आणि ती सिस्टीम देखणी व वेगवान होती. करारांनी अडवावे अशी ही कंपनी नव्हती. तरीही अ‍ॅप लिहिणाऱ्यांना तिसऱ्या सिस्टीमसाठी पुन्हा लिहिण्याचा खर्च नको होता, आणि तेवढ्यावर ती संपली. अलीकडे हा नियम मोडून स्वतःची अ‍ॅप नव्याने लिहवून घेणे साधले ते ह्वावेच्या हार्मनीओएसला. ती २०१९ मध्ये आली आणि फोनवरच्या तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या अँड्रॉइडची अ‍ॅप चालवत असत; २०२४ च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. पण तिथे अमेरिकेच्या निर्बंधांमुळे कंपनीपुढे दुसरा रस्ताच उरला नव्हता आणि पाठीशी एका मोठ्या देशाची बाजारपेठ होती.

मूळ प्रश्नकर्त्यांना एक वेगळी गोष्ट सुचवावीशी वाटते. संख्या कमी दिसते ती आपण जिथे पाहतो तिथे. मोटारी, राउटर, वैद्यकीय उपकरणे आणि अंतराळयाने यांच्या आत व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स, फ्रीआरटीओएस, झेफिर अशा कितीतरी सिस्टीम आज काम करत आहेत. तिथे विविधता टिकली याचे कारण साधे आहे: त्या उपकरणावर कोणी त्रयस्थ प्रोग्राम आणून बसवत नाही. सिस्टीम आणि प्रोग्राम एकच संस्था एकत्र बांधून देते, त्यामुळे वर ज्यांना वचनांचा साठा म्हटले आहे तो साठाच तयार होत नाही. उलट महासंगणकांकडे पाहा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. तिथे कोणी जाहिरात केली नाही, कोणी करार लादले नाहीत. संशोधकांना आपला कोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा होता, एवढेच. आणि वेबवरचे प्रोग्राम कोणत्याही सिस्टीमवर चालत असल्याने ब्राउझरने ही कोंडी फुटेल असे वाटत होते, तर तिथेही ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपापली इंजिने सोडून क्रोमियमचा, म्हणजे गूगलच्या क्रोममागच्या मुक्त प्रकल्पाचा, आधार घेतला.

आता तुमच्या कर्नलविषयी. खऱ्या हार्डवेअरच्या मागे इतक्यात लागू नका. क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये मिळणारी व्हर्टआयओची, म्हणजे आभासी यंत्रांसाठीच ठरवलेल्या प्रमाणाची, उपकरणे धरा, म्हणजे डिस्क, नेटवर्क आणि स्क्रीन यांचे ड्रायव्हर काही आठवड्यांत लिहून होतील आणि तेच ड्रायव्हर अनेक आभासी यंत्रांवर चालतील. पॉझिक्स या युनिक्सच्या धर्तीवरच्या प्रमाणातले मोजके सिस्टीम कॉल आधी पुरे करा: फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, नवी प्रोसेस सुरू करणे आणि तिची वाट पाहणे. त्यावर न्यूलिब ही सी भाषेची लहान लायब्ररी उभी राहिली की एखादा साधा शेल (आज्ञा टाइप करण्याचा प्रोग्राम) आणि लुआ या छोट्या भाषेचा इंटरप्रिटर आणता येईल. दोन्हींचा सोर्स लहान आणि वाचनीय आहे. न्यूलिब जोडताना मेमरी वाढवून मागणारा एसबीआरके हा कॉल तुम्ही कसा सोडवला आहे, ते इथे लिहा. बहुतेकांची गाडी तिथे अडते आणि त्याबाबत मी नक्की मदत करू शकेन.

प्रश्नकर्ता

एसबीआरके मी अजून लिहिलेलाच नाही. माझ्या कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसला सुरुवातीलाच ठरावीक मेमरी दिली जाते. तो भाग या आठवड्यात बदलतो आणि कोडसह इथेच मांडतो. कंपन्यांच्या करारांना मी प्रश्नात गौण ठरवले होते, ते घाईचे होते, हेही मान्य करतो.